आवक आहे, जावक नाही

आपण कुणाकडे पाहुणे म्हणून जावं, चपला काढायच्या आधीच यजमानानं दारात आडवं उभं राहून ‘निघणार कधी?’ असं विचारावं, आणि आपण तोंडी सांगितलेलं त्याला पुरू नये, तशातला तो प्रकार होता. पर्यटक व्हिसासाठी जे जे म्हणून मागितलं होतं, ते ते ताईनं निमूटपणे जमवलं. पण एका रकान्यापाशी सगळं घर अडलं. ‘पुढील प्रवासाचा पुरावा जोडा.’ म्हणजे तुम्ही आमच्या देशात जरूर या, हिंडा, फिरा, पण ठरल्या दिवशी इथून चालते व्हाल याची खात्री आधी द्या.

ताई कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. प्रवासवर्णनांचं एक आख्खं कपाट तिच्या ताब्यात होतं आणि त्यातलं बरंचसं तिनं वाचलेलंही होतं. वाळवंटात वाट चुकलेली, बर्फात अडकलेली, उंटावरून पडलेली कितीतरी थोर माणसं तिच्या चांगल्या परिचयाची होती. त्यांच्यापैकी एकानंही हा रकाना कसा भरायचा ते लिहून ठेवलं नव्हतं, याचा तिला आता राग येऊ लागला होता.

तिच्या वडिलांना, अप्पांना, मात्र तो रकाना फार आवडला.

“बरोबर विचारतायत,” ते म्हणाले. “माल आत घेताना तो बाहेर कधी जाणार, हे विचारलंच पाहिजे. नाहीतर स्टोअरचा उकिरडा होतो.”

अप्पांनी अख्खी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली होती. तिथून चिठ्ठीशिवाय एक नट बाहेर गेला नाही, आणि निवृत्तीनंतर हा सगळा कारभार त्यांनी घरी आणला. कात्री जागेवर नसली की ‘कात्री कुठे आहे?’ असं ते कधी विचारत नसत. ‘कात्री कुणाच्या नावावर आहे?’ असं विचारत. “माझ्या नावावर टाका,” आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “आणि एकदा मलाही मोडीत काढा, म्हणजे सुटाल!”

आई वर्षापूर्वी त्याच देशात वारली. तिथे राहणाऱ्या धाकट्या भावाला मुलगा झाला म्हणून ती पुढे गेली होती. अप्पा डोळ्याचं ऑपरेशन उरकून मागाहून जाणार होते. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली, आणि पट्टी असतानाच धाकट्याचा फोन आला. दहनही तिकडेच झालं. ताईनं ते फोनवर पाहिलं, शेजाऱ्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. अप्पांनी नुसतं ऐकलं. स्मशानाच्या बागेत आईच्या नावाची एक हाताएवढी पाटी लावलीय, असं धाकट्यानं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “पाहू.” त्यानंतर वर्षभर आईचा विषय निघाला की ते एवढंच म्हणत. आणि मग एका सकाळी दाढी करता करता, गालाला साबण तसाच ठेवून म्हणाले, “ताई, जाऊन पाहून येऊ या.” वर्षभरात त्यांनी तोंडानं काही मागितलं ते एवढंच. त्याकरता हा सगळा खटाटोप.

तर, पुढील प्रवासाचा पुरावा. परतीची तिकिटं काढून जोडावीत, इतका साधा उपाय कुणालाही सुचेल. पण त्याच अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की व्हिसा मिळण्याआधी तिकिटं काढू नयेत, काढल्यास आमची जबाबदारी नाही. तिकिटाशिवाय व्हिसा नाही आणि व्हिसाशिवाय तिकीट काढायचं नाही. ताईनं ही दोन वाक्यं आलटून पालटून इतक्या वेळा वाचली की शेवटी तिला ती कुठल्याशा तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातली वाटू लागली.

एजंटाचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्याची वाट पाहावी. आत एक पृथ्वीचा गोल होता आणि त्यावर कुणीतरी टोपी ठेवली होती.

“काका, टेन्शनच घेऊ नका,” एजंट म्हणाला. “डमी बुकिंग करू. व्हिसा झाला की ते आपोआप रद्द होतं.”

“म्हणजे खोटं?” अप्पा म्हणाले.

“खोटं कसं काका? तात्पुरतं खरं.”

अप्पा उठले. ताईही उठली. टोपीखालच्या पृथ्वीकडे एकदा पाहून दोघं जिना उतरले, आणि पुढचा आठवडाभर अप्पा मध्येच पेपर खाली ठेवून ‘तात्पुरतं खरं!’ असं म्हणत राहिले.

ही बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. तिथे निवृत्त ऑडिटर राहत. त्यांना त्यांच्या घरातले लोकसुद्धा ऑडिटरच म्हणत. ते एकदा सहलीबरोबर परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून जगाच्या भूगोलावर त्यांचा हक्क निर्माण झाला होता. नातवाचा नकाशा घेऊन ते खाली आले आणि जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो पसरला.

“पुढील प्रवास म्हणजे घरीच परतलं पाहिजे असं लिहिलंय का कुठे? नाही! पुढे म्हणजे कुठेही पुढे. हा बघा शेजारचा देश. मधे बोट चालते. बोटीचं तिकीट काढा, स्वस्तात मस्त, खरं ते खरं.”

खरं तिकीट म्हटल्यावर अप्पा भिंग घेऊन बसले. ताईनं शोध घेतला तेव्हा कळलं की शेजारच्या देशालाही व्हिसा लागतो आणि त्यांनाही पुढील प्रवासाचा पुरावा हवा असतो. “मग तिथून बस!” ऑडिटर म्हणाले. बस डोंगरापलीकडच्या तिसऱ्या देशात जात होती. तो देश मोठा उदार; त्याला व्हिसा नको होता. फक्त तिथून बाहेर पडण्याचं विमानाचं तिकीट दाखवा म्हणाला. आणि त्या देशातून सुटणारं एकुलतं एक विमान उतरत होतं ते पहिल्याच देशात, जिथे आईची पाटी होती.

 ऑडिटरांनी नकाशा उलटा करून पाहिला.

“म्हणजे आम्ही पुढे पुढे जात पुन्हा तिथंच यायचं,” ताई म्हणाली.

“हो,” ऑडिटर म्हणाले, “पण पुराव्यात कुठे खोट नाही. तुम्ही नुसतं फिरत राहायचं.”

“माल असा फिरवत नाहीत, ऑडिटर,” अप्पांनी भिंग खाली ठेवलं. “गहाळ होतो.”

शेवटी सरळ परतीचीच तिकिटं काढायची ठरली, व्हिसा मिळो न मिळो. एजंटानं ती काढून दिली, पण त्याचा चेहरा उतरला होता. इतकं सरळ गिऱ्हाईक त्याच्याकडे बऱ्याच दिवसांत आलं नसावं.

मग फोटो. चेहऱ्यावर कुठलाही भाव नको, असा नियम होता. फोटोवाल्यानं अप्पांना स्टुलावर बसवलं, हनुवटी वर करायला लावली, खाली करायला लावली. “काका, जरा नॉर्मल.” “हे नॉर्मलच आहे,” अप्पा म्हणाले. चार दिवसांनी वकिलातीतून फोटो नापास होऊन परत आला. कारण: चेहऱ्यावर भाव दिसतो. एजंटानं फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, मला तर काहीच दिसत नाही. ऑडिटरांनी भिंग लावून अगदी कानापर्यंत तपासणी केली आणि तेही म्हणाले, आक्षेपार्ह काही आढळत नाही. ताईला तो भाव पहिल्या नजरेतच दिसला होता.  दुसऱ्या दिवशी तिनं अप्पांना पुन्हा त्याच स्टुलावर नेऊन बसवलं, आणि फोटोवाला म्हणेल ते म्हणू देत बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

एवढं सगळं झाल्यावर अर्ज पुढे गेला आणि पंधरवड्यानं वकिलातीकडून ई-मेल आलं. ताई तेव्हा ओट्यापाशी दुधावर नजर ठेवून उभी होती. उभ्या उभ्याच तिनं ते वाचलं. आपल्या कुटुंबातील एक सदस्य व्हिसाची मुदत संपूनही आमच्या देशात राहत असल्याचं दिसतं. सदर व्यक्ती देशाबाहेर गेल्याचा पुरावा दिल्याशिवाय आपल्या अर्जांचा विचार करता येणार नाही. खाली आईचं नाव होतं. पूर्ण नाव, तिला स्वतःला कधीच न आवडलेलं.

दूध उतू गेलं.

“काय झालं?” अप्पा दारात आले. ताईनं वाचून दाखवलं. नाव आलं तिथे तिचा आवाज जरा घसरला, पण तिनं वाक्य पुरं केलं.

“परत वाच,” अप्पा म्हणाले. तिनं परत वाचलं.

अप्पा खुर्चीवर बसले. ओट्यावरून ओघळणाऱ्या दुधाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. आवक आहे, जावक नाही. म्हणजे ती आतच आहे.”

ताईनं तिथल्या तिथे धाकट्याला फोन लावला. “तू कळवलं नाहीस त्यांना?”

“ताई, मी सगळ्यांना कळवलं गं. हॉस्पिटल, नगरपालिका, तिचा विमा. मला काय ठाऊक, देशालाही कळवावं लागतं ते!” मागे बाळ रडत होतं. “ताई, मी तेव्हा...”

“असू दे रे,” ताई म्हणाली. धाकट्यानं विमान कंपनीलाही कळवलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आईच्या ई-मेलवर त्यांची विचारणा आलेली तिनं पाहिली होती: आमच्यासोबतचा आपला परतीचा प्रवास कसा झाला? खाली पाच तारे काढलेले. किती आवडला ते दाबून सांगा. ताईनं ते ई-मेल पुसलं नव्हतं आणि कुणाला दाखवलंही नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच होती. त्या दिवसापासून अप्पांना तरतरी आली. ते रोज दाढी करू लागले. पोळी मागून घेऊ लागले. जिन्यात ऑडिटर भेटले तर त्यांना थांबवून म्हणाले, “सरकारी रेकॉर्डला ती अजून आत आहे, बरं का.” ऑडिटर तसेच वर निघून गेले, आणि भाजीची पिशवी जिन्यातच राहिली म्हणून पुन्हा खाली आले.

तसं पाहिलं तर काम पाच मिनिटांचं होतं. मृत्यूचा दाखला धाकट्यानं केव्हाच पाठवला होता, त्याच देशाचा, त्याच देशाच्या शिक्क्याचा. तो जोडायचा आणि सोबत पतीनं एक निवेदन द्यायचं, की माझी पत्नी हयात नाही. ताईनं निवेदन टाईप केलं. अप्पांनी ते वाचलं, घडी घातली आणि टेबलावर ठेवलं.

“सही?” ताईनं विचारलं.

“घाई काय आहे?”

“अप्पा, सही केल्याशिवाय व्हिसा नाही.”

“आणि पाहिल्याशिवाय सही नाही,” अप्पा म्हणाले. “मी एवढी वर्षं स्टोअर सांभाळलं. स्वतः पाहिल्याशिवाय एक वस्तू कधी कमी केली नाही. पाहायला तर चाललोय! परत येऊन करतो सही.”

ताईनं एजंटाला बोलावलं. “काका, एक सही तर आहे!” तो म्हणाला, आणि अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा न घेता गेला. मग तिनं ऑडिटरांना गळ घातली. ते टेबलाशी बसले, अप्पांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसू लागले.

“तत्त्वतः...” ते म्हणाले.

“ऑडिटर काका!” ताई म्हणाली.

“अगं, तत्त्वतः त्यांचं बरोबर आहे. पडताळणी न करता वस्तू मोडीत काढली, तर तो आक्षेप मीच घेतला असता.” मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. ते उठले, आणि या खेपेला जाताना त्यांनी नकाशासुद्धा नेला नाही.

त्या रात्री ताईला वाटलं, बास. तिकिटं रद्द करावीत. अप्पांना त्यांच्या त्या रेकॉर्डबरोबर राहू द्यावं, पोळी तरी मागून खातात. पण दुसऱ्याच दिवशी वकिलातीनं दोघांना समक्ष बोलावलं, आणि अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या आधी तयार होऊन बसले.

दालन मोठं होतं. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे एक जण हलला की सगळी रांग हलायची. खिडकीला जाड काच आणि बोलण्यासाठी माइक. आतल्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी कागद उलटले.

“इथे सही राहिलीये.”

“राहिली नाही,” अप्पा म्हणाले. “ठेवलीये.”

मग त्यांनी माइकमध्ये वाकून सगळं समजावून सांगितलं. आवक, जावक, पडताळणी. माइक चांगला होता. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जात होतं. बाईंनी मध्ये तोडलं नाही. नाक पुसत ऐकून घेतलं.

“तुम्ही पाहिलं नाही, बरोबर. मग पाहिलं कुणी?”

“मुलानं. तो तिकडे आहे.” अप्पा थांबले. “आणि हिनं. फोनवर.”

“मग त्या सांगतील ना तुम्हाला.”

“त्यांना सांगितलंय,” ताई म्हणाली. “त्यांना ठाऊक आहे सगळं.”

“ठाऊक नाहीये!” अप्पा एकदम म्हणाले, आणि खुर्च्यांची एक रांग हलली. “मला काय सांगितलं तुम्ही सगळ्यांनी? शांत दिसत होती. धाकटा म्हणतो शांत दिसत होती, तू म्हणतेस, ऑडिटर म्हणतात. अहो बाई, ती झोपेतसुद्धा कधी शांत दिसायची नाही. वर्णन जुळत नाही. जुळत नसलेल्या वर्णनावर मी सही कशी करू?”

मागचा माणूस इतका वेळ ताईच्या पाठीला फाइल लावून उभा होता. तो एक पाऊल मागे सरकला.

ताईनं माइकवर हात ठेवून पाहिला. आवाज बंद होईना. मग तिनं हात काढून घेतला.

“शांत नव्हती दिसत, अप्पा,” ती म्हणाली.

अप्पा तिच्याकडे वळले.

“कपाळाला आठी होती. भांग भलत्याच बाजूला पाडला होता कुणीतरी. स्वेटरचं अगदी गळ्यापाशीचं बटणही लावलं होतं. पायांत धाकट्याचे मोजे. मोठे होते, टाचा वर घोट्याशी आलेल्या.”

“आठी कुठे?”

“इथे. डाव्या भुवईच्या वर.”

“कशी? दुखत असल्यासारखी?”

“नाही.” ताईनं जरा विचार केला. तिला नेमकं सांगायचं होतं. “कुणीतरी आपल्याला न विचारता आपलं सामान लावलंय, तशी. वैतागल्यासारखी.”

अप्पा काचेकडे पाहत राहिले. 

“ती हीच,” ते म्हणाले. आणि मग, माइकमध्ये नाही, पण तरी सगळ्यांना ऐकू आलं: “पेन द्या.”

पेन दोरीला बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती. अप्पांना जवळजवळ कमरेत वाकून सही करावी लागली. पहिल्यांदा ते उमटलंच नाही. बाईंनी आतून स्वतःचं पेन सरकवलं. अप्पांनी नाव लिहिलं, तारीख घातली, आणि सवयीनं खाली एक रेघ मारली.

बाईंनी दाखला पुढे ओढून संगणकावर काहीतरी भरलं. मग, बहुधा तसं करायची परवानगी नसताना, पडदा काचेकडे फिरवला. अप्पा पुढे झाले. चष्मा कपाळावर चढवून, नाक काचेला टेकेपर्यंत वाकून त्यांनी ती नोंद वाचली. आईच्या आगमनाच्या तारखेसमोरची जागा आता रिकामी नव्हती.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

“तुमचं काम होईल, काका,” बाई म्हणाल्या. “पासपोर्ट घरी येतील.” आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली, जरा जास्तच मोठ्यानं.

बाहेर ऊन होतं. स्टॉपवरचं बाकडं तापलं होतं, म्हणून ताईनं त्यावर फाइल ठेवली आणि अप्पांना बसवलं. स्वतः शेजारी बसली. समोरच्या दुकानात कुणीतरी शटर वर ढकलत होतं आणि ते अर्ध्यावर अडत होतं. दोघंही ते बघत बसली. तिचा हात अप्पांच्या हाताखाली केव्हा गेला ते कळलं नाही.

“वर्षभर तू हे एकटीच घेऊन बसलीस,” अप्पा म्हणाले. “कुणी विचारलंच नाही तुला.”

 ताईनं मान हलवली. होय की नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“स्वेटर कुठला होता?”

“निळा. कोपराला रफू केलेला.”

“धाकट्याची बायको रडत होती?”

“ती बाळाला घेऊन दारात उभी होती. बाळ हसत होतं. त्यालाच काही कळत नव्हतं ना. आणि अप्पा, फोन मध्येच बंद पडला होता, धाकट्याला पुन्हा लावावा लागला, आणि तेवढ्या वेळात मी...”

बस आली. थांबली. दार उघडलं. चालकानं वाकून दोघांकडे पाहिलं. अप्पांनी त्याला हातानंच ‘तू हो पुढं’ अशी खूण केली आणि ताईकडे वळले.

“हं,” ते म्हणाले. “तेवढ्या वेळात काय?”